भाजावळ सकाळीच का उरकायची?

फेब्रुवारी लागला की कोकणात वणव्याच्या बातम्या सुरू होतात. काजूची बाग गेली, हापूसची कलमं होरपळली. आग किती वाजता कुठे वळली, हे बातमीत नसतं. वाडीतल्या म्हाताऱ्यांना ते ठाऊक असतं. आमच्याकडे जुनी माणसं भाजावळ, म्हणजे शेतात पालापाचोळा आणि गवत पसरून जाळणं, सकाळीच उरकायला लावायची. "दुपारी वारा डोंगर चढतो," म्हणायची.

हे शंभर टक्के भौतिकशास्त्र आहे! सपाटीवर ज्वाळा सरळ वर जाते, पुढचं गवत तिच्यापासून लांब राहतं. चढावर मात्र जमीनच ज्वाळेच्या जवळ येते. पुढचं गवत पेटण्याआधीच प्रारणाने, म्हणजे ज्वाळेच्या धगीने, आणि गरम वायूंनी वाळतं, पेटायला फारशी उष्णता लागत नाही. शिवाय आग चहूबाजूंनी हवा ओढते. चढाच्या अंगाने ती कमी मिळते, खालून जोरात येते आणि ज्वाळेला उतारावर आडवी करते. ढोबळ हिशेब असा, की चढ दर १० अंशांनी वाढला की आगीचा वेग दुप्पट. म्हणजे ३० अंशांवर आठपट! आणि आपला समुद्र पश्चिमेला, सह्याद्री पूर्वेला. शाळेत शिकलेले खारे वारे दुपारी नेमके चढाच्या दिशेने वाहतात.

अमेरिकेत मोंटाना राज्यातल्या मॅन गल्च नावाच्या घळीत ५ ऑगस्ट १९४९ रोजी आग विझवायला गेलेले १३ जण अशाच चढावर मेले. त्यांचे प्रमुख वॅग डॉज यांनी समोरचं गवत स्वतःच पेटवलं, जळलेल्या जागेत पालथे पडून राहिले आणि वाचले. वाचलेल्यांपैकी दोघे १९७८ मध्ये त्याच उतारावर परत गेले, कोण कुठे होतं ते जागेवर आठवायला. १९९३ मध्ये वणव्यांचे अभ्यासक रिचर्ड रॉथरमेल यांनी आगीच्या आणि माणसांच्या वेगाचा हिशेब मांडला. ती शर्यत जिंकता येण्यासारखी नव्हतीच. तिथले निवृत्त अग्निशामक आजही आपल्या आठवणी नोंदवून ठेवतात.

"वणवा लावला की गवत जोमानं येतं" हा समज मात्र सोडायला हवा. जुनं गवत जळाल्यामुळे हिरवे कोंब लवकर दिसतात, एवढंच. नत्र हवेत उडतं, राख आपल्या पावसात वाहून जाते.

आमच्या वाडीत जुने वणवे सांगणारे दोघेच उरलेत. त्यांतल्या एकांनी मला बांधावर नेऊन दाखवलं, आग इथवर आली आणि थांबली. पलीकडचं गवत आदल्याच आठवड्यात कापलेलं होतं.