अर्जदार ते सोबती : ठाणे-नवी मुंबईतल्या दिव्यांगांच्या कुटुंबांची पार्श्वभूमी

‘याला ठाण्याला पाठवायला पाहिजे’ या टोमण्याचा अर्थ मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. १९०१ साली ठाण्यात नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाने मनोरुग्णालय सुरू झालं, तेव्हापासून शहराच्या नावाला हा अर्थ चिकटला. आज त्याच रुग्णालयाच्या जमिनीवर ठाणे आणि मुलुंड यांच्यामधलं नवं रेल्वे स्थानक होऊ घातलं आहे. टोमणा मात्र जागचा हललेला नाही.

या रुग्णालयात माणूस दाखल होई तो १९१२ च्या ‘इंडियन ल्युनसी अ‍ॅक्ट’खाली. नवरा, बायको किंवा जवळचा नातेवाईक मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करी, सोबत डॉक्टरांचे दाखले जोडी, आणि दाखल करून घेण्याचा हुकूम निघे. मनोविकार आणि बुद्धीची वाढ कमी असणं या दोन गोष्टी त्या कायद्याने एकाच व्याख्येत कोंबल्या होत्या. कुटुंबाला कायद्याच्या पुस्तकात जागा मिळाली ती अशी, अर्जदार म्हणून. १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा १९९३ मध्ये लागू होईपर्यंत, म्हणजे ऐंशी वर्षं, हीच चौकट टिकली. नातेवाईक सोडून गेले आणि परत आलेच नाहीत, अशा कहाण्या ऐकून आपण त्यांना निष्ठुर ठरवतो. पण सोडून जाण्यापलीकडे दुसरं काही करता येईल अशी सोय तेव्हा कोणी ठेवली होती, हेही विचारायला हवं.

दुसरा रस्ता आधी मुंबईत निघाला, आणि तो पालकांनीच काढला. वकील आडनावाच्या दांपत्याने आपल्या मुलीसाठी, जयसाठी, १९४४ साली सुरू केलेली शाळा आज ‘जय वकील’ म्हणून ओळखली जाते. १९७२ मध्ये मिठू अलूर यांनी स्पास्टिक्स सोसायटी सुरू केली, तीही सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा न राहणं) असलेल्या आपल्या मुलीच्या शिक्षणाची वाट शोधताना. पण परळ, वांद्रे, कुलाबा हे ठाणे-डोंबिवलीच्या आईसाठी गर्दीच्या लोकलमधलं अंतर होतं. मूल कडेवर किंवा हात घट्ट धरून, डबा, पाण्याची बाटली, कपड्यांचा जादा जोड. मुलाला शाळेत सोडून घरी येऊन पुन्हा आणायला जाणं परवडायचं नाही, म्हणून आई दिवसभर तिथेच बसून राहायची. शाळेबाहेरच्या आणि थेरपीच्या खोलीबाहेरच्या बाकांवर या बायकांच्या ओळखी झाल्या. फिट आली तर काय करायचं, कुठला डॉक्टर अंगावर ओरडत नाही, सासूला कसं समजवायचं, वयात आलेल्या मुलीची पाळी कशी सांभाळायची, हे सगळं ज्ञान आधी त्या बाकांवर जमा झालं. पुस्तकं पुष्कळ नंतर आली. या चळवळीचा इतिहास लिहिताना संस्थांच्या नोंदणीच्या तारखा मोजल्या जातात. माझ्या मते खरी सुरुवात त्या बाकांवर झाली आणि तिची तारीख कुठे लिहिलेली नाही.

ठाणे जिल्ह्यात हे बसणं संघटनेत बदललं ते साधारण ऐंशी-नव्वदच्या दशकांत. शहरंही तेव्हाच आकार घेत होती. ठाणे महापालिका १९८२ ची, नवी मुंबईची १९९२ ची. चाळीतून ब्लॉकमध्ये आलेल्या चौकोनी कुटुंबात मुलाकडे लक्ष द्यायला शेजारची आजी उरली नव्हती, पण नोकरदार पालकांना अर्ज लिहिता येत होता आणि सभा भरवता येत होती. ठाणे महापालिकेची ‘जिद्द’ ही विशेष मुलांची शाळा आली, ठाण्यात जागृती पालक संस्था उभी राहिली. डोंबिवलीच्या अमेय पालक संघटनेने तर खोणी गावात ‘घरकुल’ हे मोठ्या झालेल्या मतिमंद मुलांचं निवासस्थान बांधलं. दिवाळीआधी रंगवलेल्या पणत्या आणि उटण्याच्या पुड्या विकणारी टेबलं आपण बघतो. त्यामागे बहुतेक वेळा असा एखादा पालकगट असतो आणि हिशेबाची वही कुणाच्या तरी निवृत्त वडिलांकडे असते.

मनोरुग्णांच्या कुटुंबांचा प्रवाह वेगळा वाहिला. १९९० मध्ये मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली आणि स्किझोफ्रेनियासारख्या आजारात घरच्यांनीही एकत्र बसून बोलायचं असतं, ही गोष्ट मनोरुग्णालयासाठीच ओळखल्या जाणाऱ्या या शहरात रुजायला लागली. रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणणारे स्वमदत गट महाराष्ट्रात पसरले ते याच काळानंतर. दोन्ही प्रवाहांतल्या पालकांची दुखणी इतकी सारखी, तरी ते एकमेकांच्या सभांना क्वचितच गेले. ‘आमचं मूल वेडं नाही’ हे जगाला ओरडून सांगण्यात एका गटाची उमेद गेली, आणि त्या वाक्याचा ओरखडा दुसऱ्या गटावर उठला.

देशपातळीवर पालक संघटनांचा ‘परिवार’ हा महासंघ १९९५ मध्ये झाला. त्याच वर्षी अपंग व्यक्तींचा कायदा संमत झाला. त्यात सातच प्रकार होते. मतिमंदत्व होतं, मनोविकार होता, ऑटिझम नव्हता. म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलाच्या आईने दिव्यांगत्वाचा दाखला देणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डासमोर जायचं ते मूल मतिमंद आहे असा कागद मागायला, नाहीतर रिकाम्या हाताने परत यायला. दाखल्यावर दिव्यांगत्व किती टक्के ते लिहिलेलं असतं, आणि टक्केवारीचं हे प्रकरण बाहेरच्याला कळत नाही. ४० टक्क्यांच्या खाली दाखला आला की सवलती बंद, त्यामुळे आपलं मूल किती कमी आहे हे पटवून द्यायला पालकच धडपडतात आणि घरी येऊन त्याच मुलाला ‘तुला जमेल’ म्हणतात.

पालकांना सगळ्यांत जास्त हवा होता तो १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता या चारांसाठीच तो आहे. मूल १८ वर्षांचं झालं की कायद्याने ते सज्ञान. बँक खातं, वारसाहक्काचा फ्लॅट, शस्त्रक्रियेची संमती, कशावरही आईबापाची सही चालेनाशी होते. या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती आणली. तिच्याकडे अर्ज करून पालकत्व मिळतं, कोर्टात वर्षं घालवावी लागत नाहीत. ‘निरामय’ योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आला. अर्जदार असलेलं कुटुंब आता कायदेशीर पालक झालं.

आणि इथेच एक वळण आलं, जे अनेक जुन्या पालकांना अजून पटलेलं नाही. संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्क करार भारताने २००७ मध्ये स्वीकारला. त्यातून २०१६ चा दिव्यांगजन हक्क कायदा आला. प्रकार सातावरून २१ झाले, ऑटिझमला नावाने जागा मिळाली, सरकारी नोकरीतलं आरक्षण ३ टक्क्यांवरून ४ वर गेलं. पण १४ व्या कलमात ‘मर्यादित पालकत्व’ आलं : विशिष्ट निर्णयापुरतं, विशिष्ट काळापुरतं, आणि त्या व्यक्तीशी बोलून, तिच्या इच्छेनुसार. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात तर रुग्ण आपला प्रतिनिधी स्वतः नेमू शकतो, आणि तो नातेवाईकच असला पाहिजे असं नाही. तीस वर्षं मुलासाठी भांडलेल्या आईला हे ऐकून वाटतं, मला आता बाजूला सारताहेत. तिचं वाटणं खोटं नाही. पण त्या मुलाला आजवर कोणी विचारलंच नाही, हेही खोटं नाही. १९९९ चा कायदा रद्द झालेला नाही, त्यामुळे दोन्ही चौकटी शेजारी शेजारी चालू आहेत आणि पालकसभांतला निम्मा वाद त्यातून येतो.

नवी मुंबईत याला हद्दीचा प्रश्न जोडला गेला. वाशी, नेरुळ, ऐरोली, बेलापूर ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे, पनवेल रायगडात. बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र खारघरला आहे, नवी मुंबई महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी हे शिक्षण-प्रशिक्षण केंद्र २००७ पासून वाशीत आहे. पण पालकत्वाच्या कागदासाठी खारघरच्या घराला जिल्हाधिकारी लागतो तो अलिबागचा, बेलापूरच्या घराला ठाण्याचा. घरभाडं परवडेना म्हणून एक नोड (नवी मुंबईतली वसाहत) पुढे, दुसऱ्या जिल्ह्यात सरकलेल्या कुटुंबाचं सगळं दप्तर बदलतं. कुठला दाखला कुठे चालतो, यूडीआयडी कार्डावर (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) जुना पत्ता असेल तर काय करायचं, हे खिडकीवर समजतं त्याहून लवकर पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर समजतं. २००४ मध्ये ठाणे-वाशी लोकल सुरू झाल्यापासून दोन्हीकडचे पालक एकमेकांना भेटायला लागले, हा त्या मार्गाचा फारसा न बोलला जाणारा फायदा.

या गटांची कामं कुठल्या अहवालात बसत नाहीत. बोर्डाच्या दिवशी दुसऱ्याच्या मुलाला धरून बसणं, दहावीला लेखनिक शोधून देणं, एका आईला ताप आला तर दुसरीने दोन्ही मुलं दिव्यांगांच्या डब्यातून नेणं. २०१६ च्या कायद्याच्या २४ व्या कलमात, ज्यांना जास्त आधाराची गरज आहे त्यांच्यासाठी काळजीवाहकाच्या भत्त्याचा उल्लेख आहे. महाराष्ट्राने २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभागही काढला. पण सभेत भत्त्यापेक्षा जास्त वेळ जातो तो ‘आमच्यानंतर काय’ यावर. बाकांवर बसलेल्या त्या पहिल्या आया आता सत्तरीच्या पुढे आहेत, त्यांची मुलं पन्नाशीकडे झुकली आहेत. ‘घरकुल’सारख्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि भाऊ-बहिणींपैकी कितीतरी जण पुण्यात, बंगळुरूत किंवा परदेशात. अलीकडे काही सभांना ही भावंडं व्हिडिओ कॉलवर हजर राहू लागली आहेत. न्यासाच्या अर्जावर आईनंतर कोणाचं नाव घालायचं, ही चर्चा त्यांच्यासमोरच होते.