बांधकाम परवानगी : अर्ज, छाननी व मागोवा

बांधकाम परवानगी म्हणजे घर बांधण्यापूर्वी नियोजन प्राधिकरणाकडे (महानगरपालिका, नगरपालिका, नगरपंचायत किंवा विशेष प्राधिकरण) नकाशांसह अर्ज करून मिळवायची लेखी मंजुरी. महाराष्ट्रात तिचा मुख्य आधार म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 ची कलमे 44 ते 48. कागदपत्रांची यादी सर्वपरिचित असल्याने येथे भर अर्ज दाखल झाल्यानंतरच्या प्रवासावर आहे.

मुंबईतील व्यवस्थेचे मूळ काही जण 1865 व 1872 च्या नगरपालिका कायद्यांपर्यंत नेतात. आज वापरात असलेली कलमे मात्र 1888 च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमातील आहेत, त्यामुळे आरंभ तेथूनच धरणे अधिक सयुक्तिक वाटते. या कायद्याची मांडणी परवान्याची नसून सूचनेची आहे. बांधू इच्छिणाऱ्याने कलम 337 नुसार आयुक्तांना सूचना द्यायची. आयुक्तांनी ठरलेल्या मुदतीत हरकत न घेतल्यास कलम 345 नुसार काम सुरू करता येते. हरकत असल्यास कलम 346 नुसार तिची कारणे आणि कोणत्या अटींवर बांधता येईल हे कळवायचे. हीच मुंबईतील ‘आयओडी’, म्हणजे नापसंतीची सूचना. प्रत्यक्षात आयओडी मिळाली की नकाशे तत्त्वतः मान्य झाले असे समजतात आणि तिच्यातील अटींची पूर्तता सुरू होते. 1966 च्या अधिनियमाखालील प्रारंभ प्रमाणपत्र (‘सीसी’) त्यानंतर वेगळे घ्यावे लागते. हे दोन टप्पे ना-हरकत दाखले व शुल्क वसुलीच्या सोयीसाठी टिकले, असे एक मत आहे. दोन कायदे एकमेकांवर चढवले गेल्याचा हा परिणाम आहे, हे दुसरे मत. कागदांवर नमूद होणारी कलमे पाहता दुसरे मत अधिक पटते. मुंबईबाहेरील महानगरपालिकांतही 1949 च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे कलम 253 सूचनेचीच भाषा बोलते, पण तेथे आयओडीसारखा स्वतंत्र कागद रूढ झाला नाही.

मुदतीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. 1966 च्या अधिनियमाच्या कलम 45(5) नुसार प्राधिकरणाने 60 दिवसांत निर्णय न कळवल्यास परवानगी मिळाली असे मानले जाते (मानीव परवानगी). परंतु हे 60 दिवस अर्ज मिळाल्यापासून किंवा प्राधिकरणाने मागवलेल्या बाबींना अर्जदाराचे उत्तर मिळाल्यापासून, यांपैकी जे नंतरचे असेल त्यापासून मोजायचे असतात. त्रुटीपत्र निघाले आणि त्याची पूर्तता झाली की गणना पुन्हा सुरू होते. शिवाय बांधकाम विकास नियंत्रण नियमांत बसत नसेल तर मानीव परवानगीचा आधार टिकत नाही, आणि ते अनधिकृत ठरून कलम 52 व पुढील तरतुदींखाली कारवाई होऊ शकते. त्यामुळे 61 व्या दिवशी कुदळ मारण्यापेक्षा लेखी स्मरणपत्र देणे बरे, हा जाणत्या वास्तुविशारदांचा सल्ला रास्तच आहे. मागोवा घेताना म्हणूनच आवक क्रमांकाबरोबर शेवटच्या त्रुटीपत्राची आणि पूर्ततेच्या पोचपावतीची तारीख जपून ठेवावी लागते.

नस्ती (फाइल) साधारणपणे कनिष्ठ अभियंता किंवा रचना सहायकापासून सुरू होऊन उपअभियंता व नगररचनाकारांमार्फत मंजुरीचे अधिकार असलेल्या अधिकाऱ्यापर्यंत जाते. पदनामे प्राधिकरणागणिक बदलतात. मध्येच स्थळपाहणी होते, तसेच गरजेनुसार वृक्ष, अग्निशमन, जलनिःसारण इत्यादी विभागांचे अभिप्राय घेतले जातात. विलंब बहुधा याच टप्प्यावर होतो. संगणकीय छाननीत (ऑटोडीसीआर व तत्सम प्रणाली) चटई क्षेत्र (सर्व मजल्यांचे मिळून बांधकाम क्षेत्र), सामासिक अंतरे (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा) व वाहनतळ नकाशावरूनच तपासले जातात, पण मालकी व पोहोच रस्त्याचे प्रश्न माणसालाच सोडवावे लागतात. राज्याच्या ‘महावास्तु’ संकेतस्थळावर अर्जाची स्थिती पाहता येते. मात्र अर्ज सहसा वास्तुविशारदाच्या लॉगिनमधून दाखल होतो, त्यामुळे घरमालकाला ‘फाइल कुठे अडली’ हे बऱ्याचदा त्यांच्याकडूनच कळते. पडद्यावर ‘छाननी सुरू’ असे दिसले तरी कायदेशीर मुदत कोणत्या तारखेपासून चालू आहे ते त्यावरून समजेलच असे नाही.

2 डिसेंबर 2020 रोजी मंजूर झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने (बृहन्मुंबई व काही क्षेत्रे वगळून) लहान भूखंडांसाठी वाट सोपी केली. 150 चौ.मी.पर्यंतच्या भूखंडावर ठराविक अटींत बसणाऱ्या घराला नेहमीच्या छाननीतून जावे लागत नाही. नकाशासह सूचना देऊन शुल्क भरणे पुरते. बृहन्मुंबईस 2018 मध्ये मंजूर झालेली स्वतंत्र नियमावली लागू आहे. शुल्कांपैकी कामगार कल्याण उपकर बांधकाम खर्चाच्या 1 टक्का असतो. स्वतःच्या राहत्या घराचा खर्च कायद्यातील मर्यादेपेक्षा अधिक नसल्यास तो लागू होत नाही.

बांधकाम परवाना, जोते (पायावरील चौथरा) प्रमाणपत्र व भोगवटा प्रमाणपत्र या सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली अधिसूचित आहेत. मुदत टळल्यास प्रथम व द्वितीय अपील करता येते. परवानगी नाकारली गेल्यास किंवा अटी मान्य नसल्यास 1966 च्या अधिनियमाच्या कलम 47 नुसार राज्य शासनाकडे दाद मागता येते.

मंजुरी सामान्यतः एक वर्ष टिकते. मुदत संपण्यापूर्वी अर्ज केल्यास ती वाढवून मिळते (त्याच अधिनियमाचे कलम 48). काम सुरू झाल्यावर जोते तपासणी आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र यांसाठी पुन्हा अर्ज करावे लागतात.

ग्रामीण भागात मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, 1958 (आता महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम) चे कलम 52 लागू होते. गावठाणाबाहेरील जमिनीसाठी महसूल व नगररचना विभागांचाही संबंध येतो.