एक्सरेत न दिसणारी दुखापत

बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात कुस्ती खेळताना किंवा सैन्यभरतीसाठी १६०० मीटर पळताना कुणाची मांडी मागून धरली, की पहिली चिठ्ठी अजूनही बऱ्याचदा एक्सरेचीच निघते. रिपोर्ट नॉर्मल येतो आणि पोरगं चार दिवसांत पुन्हा आखाड्यात उतरतं. त्या नॉर्मलचा अर्थ एवढाच, की हाड शाबूत आहे.

राँटजेन यांना १८९५ मध्ये क्ष-किरण सापडले तेव्हापासूनची ही मर्यादा आहे. स्नायू आणि टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) त्यात जवळपास एकाच राखाडी छटेत येतात. अपवाद मुक्या माराचा. मांडीवर गुडघा बसला, आत रक्त साकळलं आणि पहिल्या दोन-तीन दिवसांतच जोरकस मालिश झाली, तर स्नायूत हाड धरण्याचा धोका वाढतो. हे हाड एक्सरेत दिसायला तीन ते सहा आठवडे लागतात. तालमीत मालिशेला मान आहे, तो असावाच. पण ताज्या मारावर हात चालवू नये.

सोनोग्राफी वाढली ती पोट आणि गर्भ तपासत. त्यावरचा डॉ. इयान डोनाल्ड यांचा गाजलेला निबंध १९५८ चा. गुडघ्यामागची पाण्याची गाठ की शिरेतली रक्ताची गुठळी, हा फरक १९७२ मध्ये तिने दाखवला. बारीक तंतू दिसू लागले ते पुढे जास्त फ्रिक्वेन्सीचे लिनिअर प्रोब, म्हणजे अंगावर टेकवायचे सरळ पट्टीचे भाग, आल्यावर. इथेच मोठी फसगत होते. ध्वनिलहरी टेंडनवर काटकोनात पडल्या तर तो पांढरा, रेघारेघांचा दिसतो. प्रोब जरा कलला की तोच धडधाकट टेंडन काळा, फाटल्यासारखा भासतो. म्हणून प्रोब हलकेच मागेपुढे कलवून बघायचं. काळेपणा गेला तर तो कोनाचा खेळ. प्रत्येक कोनात टिकला तर फाटल्याची शंका धरायची आणि स्नायू आवळायला लावून फट रुंदावते का ते पाहायचं.

एमआरआयची सुरुवात लॉटरबर यांच्या १९७३ च्या प्रतिमांपासून. चरबीचा सिग्नल दाबला, की स्नायूतली सूज उजळ उठते. स्नायूंच्या दुखापतींच्या २०१४ च्या ब्रिटिश अॅथलेटिक्स वर्गीकरणात तीव्रतेनुसार ० ते ४ अशा श्रेणी आहेत आणि जागेनुसार ए, बी, सी. ‘सी’ म्हणजे इजा टेंडनच्या आत गेलेली. ती भरायला वेळ घेते, उलटतेही जास्त, म्हणून रिपोर्टात हे अक्षर आधी शोधावं. एमआरआय शक्यतो दुखापतीनंतर २४ ते ४८ तासांनी करावा.

परदेशी संघ मैदानाच्या कडेलाच सोनोग्राफी करतात. आपल्याकडे गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यामुळे मशीन नोंदलेल्या जागेबाहेर नेण्यावर कडक निर्बंध आहेत, आणि कर्नाटक काय, महाराष्ट्र काय, कायदा एकच. त्यामुळे खेळाडूलाच शहरात न्यावं लागतं आणि बरोबरची चिठ्ठी महत्त्वाची ठरते. ‘पाय दुखतो’ एवढ्यावर भागत नाही. ‘डावी मांडी, मागून, काल संध्याकाळी, पट काढताना कट्‌कन आवाज’ असं लिहावं. ताजं रक्त सोनोग्राफीत स्नायूसारखंच दिसू शकतं, दोन दिवसांनी काळं पडतं. दुखापतीची वेळ कळली नाही, तर पहिल्या काही तासांतली मोठी इजाही नजरेतून सुटते.