सतराव्या वर्षीची वेळ

५ जून १९६४. कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्टनमध्ये एक मैलाची शर्यत झाली. त्यात आठव्या आलेल्याकडे एरवी कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं, पण हा आठवा कॅन्सस राज्यातल्या विचिटा ईस्ट हायस्कूलमध्ये अकरावीत होता. नाव जिम रायन, वेळ ३ मिनिटं ५९.० सेकंद. दहाच वर्षांपूर्वी रॉजर बॅनिस्टरने चार मिनिटांची भिंत पहिल्यांदा फोडली, तेव्हा त्याला ३:५९.४ लागले होते. जे माणसाच्या शरीराला जमणारच नाही असं म्हटलं जायचं, ते एका शाळकरी पोराने बॅनिस्टरहून थोडं वेगात करून दाखवलं. अमेरिकेत आज कुणी शाळकरी मुलगा किंवा मुलगी भन्नाट वेळ नोंदवते आणि लगेच ‘पुढचा कोण, पुढची कोण’ ही चर्चा सुरू होते. तिचं मूळ त्या संध्याकाळपर्यंत जातं.

रायन जन्मजात खेळाडू वगैरे वाटावा असा मुलगा नव्हता. लहानपणच्या गोवरामुळे त्याला कमी ऐकू यायचं आणि खेळाच्या संघांतून त्याला वगळण्यातही आलं होतं. शाळेचे कोच बॉब टिमन्स यांनी मात्र त्याच्यातलं काहीतरी हेरलं आणि चार मिनिटांचं लक्ष्य फार लवकर त्याच्या डोक्यात घातलं. सराव असा की ४४० यार्डांची, म्हणजे पाव मैलाची, एक फेरी, थोडा दम, पुन्हा एक फेरी, अशा चाळीस. आज एखाद्या कोचने शाळकरी मुलाकडून हे करून घेतलं तर पालक शाळेच्या दारात जाऊन उभे राहतील. तेव्हा त्याला जिद्द म्हणत.

फळ मिळालं, तेही झटपट. त्याच वर्षी तो टोकियो ऑलिंपिकला गेला. १९६५मध्ये, शाळा नुकतीच आटोपलेली असताना, त्याने ऑलिंपिक विजेत्या पीटर स्नेलला मागे टाकत ३:५५.३ची वेळ दिली. पुढच्या वर्षी, एकोणिसाव्या वर्षी, ३:५१.३ हा विश्वविक्रम. मग १९६८ उजाडलं. आधी ग्रंथींच्या तापाने त्याला झोपवलं, नंतर ऑलिंपिकमध्ये, मेक्सिको सिटीच्या विरळ हवेत, १५०० मीटरमध्ये केनियाच्या किप केइनोने त्याला मागे टाकलं. रौप्यपदक मिळालं. एवढ्या उंचीवरचं ते रौप्य खरं तर कमाल होती, पण सुवर्ण गृहीत धरून बसलेल्यांच्या लेखी ती हार ठरली. १९६९च्या उन्हाळ्यात मायामीत राष्ट्रीय स्पर्धेच्या ऐन मध्यावर तो ट्रॅकच्या बाहेर पडला आणि दीड वर्षाहून जास्त काळ स्पर्धेत उतरलाच नाही. तेव्हा तो २२ वर्षांचा होता.

रायनच्या काळात मागे लागायला वर्तमानपत्रं होती. नंतर सगळी यंत्रणाच उभी राहिली. १९७९मध्ये किनी या बूट कंपनीच्या नावाने शाळकरी मुलांची राष्ट्रीय क्रॉस-कंट्री (ट्रॅकऐवजी माळरानावरून धावण्याची) स्पर्धा सुरू झाली. हीच पुढे फूट लॉकर स्पर्धा. देशाचे चार विभाग, प्रत्येकातून निवडक मुलं, मग एक अंतिम शर्यत. त्यामुळे देशातला पहिला कोण, दुसरा कोण हे दर डिसेंबरात ठरू लागलं. विद्यापीठांचे कोच शिष्यवृत्तीसाठी मुलं हेरतात ती नेमकी याच वयात, सोळा ते अठरा. आपल्याकडे बोर्डाची गुणवत्ता यादी निघायची तेव्हा पेढा भरवतानाचे फोटो छापून यायचे आणि दहा वर्षांनी कुणीतरी हमखास विचारायचं, ‘त्या पहिल्या आलेल्याचं पुढे काय झालं हो?’ तसाच हा प्रकार, फक्त इथे गुण सेकंदांत मोजतात.

२००० साली ऑर्लँडोत झालेल्या अंतिम शर्यतीत मिशिगनचा डेथन रिट्झेनहाइन पहिला, व्हर्जिनियाचा अ‍ॅलन वेब दुसरा आणि कॅलिफोर्नियाचा रायन हॉल तिसरा आला. तिघेही पुढे ऑलिंपिकपर्यंत पोचले, म्हणजे अंदाज चुकला नव्हता. पण वेबच्या वाट्याला जे आलं ते वेगळंच. २७ मे २००१ रोजी युजीनमध्ये मैलाचा विश्वविक्रमवीर हिशाम अल गरूज याच्यासारख्या दादा धावपटूंच्या शर्यतीत हा बारावीतला मुलगा शेवटच्या फेरीत एकेकाला गाठत पाचवा आला. वेळ ३:५३.४३. जिम रायनचा शाळकरी विक्रम ३६ वर्षांनी मोडला. पोरगा टीव्हीवरच्या रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमात जाऊन बसला. मिशिगन विद्यापीठात एक वर्ष काढून तो व्यावसायिक झाला. २००४च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये पहिल्याच फेरीत गारद. २००७मध्ये बेल्जियममध्ये मैलासाठी ३:४६.९१, हा अमेरिकेचा राष्ट्रीय विक्रम. मग दुखापती, कोच बदलणं आणि २०१४मध्ये ट्रॅकला रामराम.

तो राष्ट्रीय विक्रम २०२३पर्यंत टिकला. सोळा वर्षं देशात त्याच्याहून जोरात मैल कुणी धावलं नाही, तरी वेबचा विषय निघाला की ‘जेवढं व्हायला हवं होतं तेवढं झालं नाही’ हे वाक्य येतंच. मला ते अन्यायाचं वाटतं. त्याची तुलना इतर धावपटूंशी झालीच नाही. ती कायम युजीनमधल्या त्या अठरा वर्षांच्या मुलाशी होत राहिली, आणि त्या मुलाला हरवणं कुणालाच शक्य नव्हतं.

मुलींची गोष्ट उशिरा सुरू होते आणि जास्त अवघड आहे. १९२८च्या ऑलिंपिकनंतर बायकांना हे झेपत नाही असं ठरवून त्यांची ८०० मीटरची शर्यत १९६०पर्यंत बंद ठेवली होती. अमेरिकेत शिक्षणसंस्थांतल्या लिंगभेदाला बंदी घालणाऱ्या १९७२च्या टायटल नाइन कायद्यानंतर शाळांमधून मुलींचे संघ वाढले. पहिलं मोठं नाव मेरी डेकर. १९७३मध्ये, चौदाव्या वर्षी, मिन्स्कमध्ये तिने ऑलिंपिक रौप्यविजेत्या सोविएत धावपटूला ८०० मीटरमध्ये हरवलं. त्यानंतर नडग्यांच्या दुखण्याने तिला इतकं गाठलं की १९७६चं ऑलिंपिक हुकलं आणि शस्त्रक्रिया करावी लागली. जगज्जेती ती झाली, पण १९८३मध्ये, पंचविशीत.

मुलग्यांना वयात येताना स्नायू मिळतात आणि वेळ आपोआप सुधारत जाते. मुलींच्या बाबतीत त्याच वर्षांत शरीर भरतं, कंबर रुंदावते आणि वर्ष-दोन वर्षं वेळ जागच्या जागी अडकते किंवा मागेही जाते. थांबलं तर पुढे ताकद येते. पण शिष्यवृत्तीचं कॅलेंडर थांबत नाही. मग उपाय एकच दिसतो: ताट कमी करायचं. खाणं कमी आणि पळणं जास्त झालं की पाळी थांबते, इस्ट्रोजेन घटतं आणि ज्या वयात हाडं भरायची त्याच वयात ती पोकळ होऊ लागतात. नंतर पायाच्या हाडाला केसाएवढी भेग पडते, तेच स्ट्रेस फ्रॅक्चर. पाळी चुकणं म्हणजे सराव चांगला चाललाय असं मानणारे कोच होते. २०१४मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने शरीराला ऊर्जा कमी पडण्याच्या या अवस्थेवर स्वतंत्र निवेदन काढलं आणि ती पुरुषांमध्येही आढळते हे नोंदवलं.

हे सगळं लोकांसमोर आलं ते मेरी केनमुळे. न्यूयॉर्कजवळच्या ब्राँक्सव्हिलची ही मुलगी २०१३मध्ये, सतरा वर्षांची असताना, मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेत १५०० मीटरच्या अंतिम फेरीत धावली. त्याच वर्षी ती व्यावसायिक झाली आणि नायके या बूट कंपनीच्या ओरेगन प्रकल्प या धावपटूंच्या संघात कोच अल्बर्टो सालाझार यांच्या हाताखाली दाखल झाली. नोव्हेंबर २०१९मध्ये एका व्हिडिओतून तिने सांगितलं: वजन सतत कमी करायला सांगायचे, इतरांदेखत वजन करायचे, तीन वर्षं पाळी आली नाही, पाच हाडं मोडली. सालाझार यांनी आरोप नाकारले. उत्तेजकविरोधी नियमांच्या वेगळ्या प्रकरणात त्यांच्यावर आधीच चार वर्षांची बंदी आली होती आणि प्रकल्पही बंद झाला होता. २०२१मध्ये केनने दोन कोटी डॉलरचा दावा ठोकला. २०२३मध्ये तडजोड झाली.

याच काळात एक मुलगा दुसऱ्या वाटेने गेला. मिशिगनचा ग्रँट फिशर फूट लॉकर स्पर्धा दोनदा जिंकला, शाळेच्या दिवसांत फुटबॉलही खेळला आणि २०१५मध्ये ३:५९.३८मध्ये मैल धावला, म्हणजे जिम रायनच्या कॉम्प्टनमधल्या वेळेपेक्षा सेकंदाच्या एक तृतीयांशाहून किंचित जास्त मागे. मग स्टॅनफर्डमध्ये शिकला. २०२४मध्ये पॅरिसला ५,००० आणि १०,००० मीटरमध्ये त्याने दोन कांस्यपदकं मिळवली तेव्हा तो २७ वर्षांचा होता. रायनचं शेवटचं ऑलिंपिक २५व्या वर्षीच, म्युनिकच्या प्राथमिक फेरीत तो पडला तिथे, संपलं होतं.