ओट्सचं दूध की सोयाचं? ‘साखर नाही’ दोन्हीवर लिहिलंय, पण आतला हिशेब वेगळा

शुगर निघाली की आपल्याकडं पहिली गदा चहावर येते आणि दुसरी दुधावर. चहा काय सुटत नाही, मग दूध बदलायचं ठरतं. सांगलीतल्या एखाद्या मोठ्या दुकानात गेलं की हल्ली ओट्स, सोया, बदाम, नारळ असली सगळी पाकिटं एका रांगेत उभी असतात, ओट्सच्या पाकिटावर पण ‘नो ॲडेड शुगर’ आणि सोयाच्या पाकिटावर पण ‘नो ॲडेड शुगर’. माणूस म्हणतो दोन्ही सारखंच की, आणि ओट्स तर डॉक्टरच नाष्ट्याला खा म्हणतात, म्हणून ओट्सचं उचलतो. तिथंच गफलत होते. साखर कमी करायची म्हणून घेताय तर ही दोन पाकिटं अजिबात सारखी नाहीत, आणि माझ्या मते निवड सरळ आहे, बिनसाखरेचं साधं सोया. का ते सांगतो.

आधी आपल्या नेहमीच्या दुधाचं बघू, कारण कमी म्हणजे कशापेक्षा कमी ते तर कळायला पाहिजे. दुधात लॅक्टोज नावाची साखर असते, १०० मिलीला साधारण पावणेपाच ते ५ ग्रॅम, म्हणजे २०० मिलीचा पेला प्यायला की ९-१० ग्रॅम गेली पोटात, वरून चमचाभर सुद्धा साखर न घालता. आता खूप जण म्हशीचं बंद करून गाईचं लावतात आणि साखर कमी केली म्हणून निवांत होतात. तसं काय होत नाही हो. म्हशीच्या दुधात फॅट जास्त, गाईच्यात कमी, टोन्डमधी अजून कमी, पण लॅक्टोज सगळ्यात जवळपास तेवढंच. डेअरीला दूध घालणाऱ्याला हे लगेच पटेल, कारण त्याचं सगळं फॅट आणि एसएनएफवर चालतं, एसएनएफ म्हणजे फॅट आणि पाणी सोडून दुधात जे उरतं ते. गाईच्या दुधाचा एसएनएफ साडेआठ लागला की त्याचा जीव भांड्यात पडतो, आणि त्या साडेआठातला निम्म्याहून जास्त भाग हा लॅक्टोजच असतो. मशीनवर पावती फाडतो तेव्हा साखरेचाच आकडा बघत असतो तो, फक्त तिथं साखर असं लिहिलेलं नसतं एवढंच.

दुसरी गफलत लॅक्टोज-फ्री दुधाची. त्यात साखर नसते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. लॅक्टेज नावाचं एन्झाइम घालून लॅक्टोजचे दोन तुकडे करतात, ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज, बास. साखर तेवढीच राहते, उलट जिभेला जास्त गोड लागते. ज्यांना दूध पचत नाही, प्यायलं की पोट फुगतं, त्यांच्यासाठी ते चांगलं आहे, शुगरवाल्यांना त्याचा फायदा नाही.

आता ओट्सकडं या. ओट्स पाण्यात नुसते वाटून गाळले तर जे निघतं ते चिकट, बुळबुळीत, आणि तापवायला ठेवलं तर खळीसारखं घट्ट होतं. कुणी घरी करून बघितलं असेल तर त्याला माहितीये. कारण ओट्समधी स्टार्च भरपूर. मग कंपनीचं दूध एवढं पातळ आणि गोडसर कसं? तर तिथं त्या रसात अमायलेज नावाची एन्झाइम्स सोडतात, ती स्टार्चच्या लांब साखळ्या तोडतात आणि त्यातनं माल्टोज तयार होते. ही पद्धत स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातल्या रिकार्ड ओस्टे यांच्या संशोधनातनं १९९० च्या दशकात आली आणि त्यातनंच ओटली ही कंपनी निघाली. आपल्या तोंडात पण हेच चालतं, शाळूच्या भाकरीचा कोरडा तुकडा गिळायची घाई न करता चावत राहा, थोड्या वेळानं गोड लागायला लागतो, लाळेतलं अमायलेज स्टार्चची साखर करतंय म्हणून. फरक एवढाच की ओट्सच्या पाकिटात ही चावायची कामगिरी फॅक्टरीतच उरकलेली असते, साखर तयार होऊनच तुमच्या पेल्यात येते.

म्हणून पाकिटावर बाहेरनं साखर घातली नाही हे लिहिलेलं खोटं नसतं आणि तरी आत १०० मिलीला ३-४ ग्रॅम साखर निघू शकते. अमेरिकेत ही एन्झाइमनं तयार झालेली साखर कंपन्या ‘ॲडेड शुगर’ मधीच मोजून दाखवतात, तिथल्या ओटलीच्या साध्या पाकिटावर कपाला ७ ग्रॅम ॲडेड शुगर छापलेली असायची, वरून कणभर साखर न टाकता. आपल्याकडं तुम्ही ॲडेड शुगर्सपुढं शून्य बघून खूश होता आणि वरची टोटल शुगर्सची ओळ बघतच नाही.

बरं, साखर दुधापेक्षा थोडी कमी आहे ना, मग काय बिघडलं, असं कुणी म्हणेल. बिघडतं असं की माल्टोज ही फार पटकन रक्तात उतरते. ग्लायसेमिक इंडेक्स म्हणजे खाल्लेलं रक्तातली साखर किती पटकन चढवतं त्याचा आकडा, ग्लुकोजचा १०० धरला तर माल्टोजचा त्याच्याही वर १०५ च्या आसपास जातो आणि लॅक्टोजचा ५० च्या आतच राहतो. शिवाय न तुटलेलं स्टार्च उरतं ते वेगळं, ओट्सच्या दुधात एकूण कार्बोहायड्रेट १०० मिलीला ६-७ ग्रॅमपर्यंत असतं, म्हणजे साध्या दुधापेक्षाही जास्त. प्रोटीन मात्र ग्रॅमभर. आणि ओट्स शुगरला चांगले म्हणतात ते अख्ख्या ओट्सच्या लापशीबद्दल, त्यात सगळा चोथा असतो, हळूहळू पचतो. इथं बराचसा चोथा गाळून बाजूला काढलेला आणि राहिलेलं आधीच पचवून ठेवलेलं. काही कंपन्या एन्झाइम वेगळी वापरून साखर अगदी कमी ठेवतात, पण तिथं पण कार्बोहायड्रेटची ओळ वाचा, ती बहुतेक जिथल्या तिथंच असते.

सोयाची गोष्ट वेगळी, कारण सोयाबीनमधी मुळात स्टार्चच नगण्य. तोडायला काही नाही तर माल्टोज येणार कुठनं? बिनसाखरेच्या सोया दुधात १०० मिलीला साखर ग्रॅमभर किंवा त्याच्याही आत, आणि प्रोटीन ३ ते साडेतीन ग्रॅम, गाईच्या दुधाच्या जवळपास तेवढंच. दुधाच्या जागी बसेल असं या सगळ्या पाकिटांत हेच एक. बदामाचं बिनसाखरेचं घेतलं तर साखर तिथं पण अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, खरंय, पण त्यात बदाम किती ते घटकांच्या यादीत बघा, बऱ्याचदा २-३ टक्के असतात, बाकी पाणी. प्रोटीन अर्धा ग्रॅम. पैसे मात्र बदामाचे. तांदळाच्या दुधाचं तर नावच काढू नका, साखरेत ते ओट्सच्याही पुढं.

गंमत म्हणजे सातारा-सांगलीत पाऊस पडला की शिवारात जिकडंतिकडं सोयाबीन, पोती भरून मार्केट यार्डात जातं, तेलाला जातं, पेंड जनावरांना जाते, आणि त्या पेंडीवर पोसलेल्या म्हशीचं दूध आपण पितो. मधला म्हशीचा टप्पा गाळायचं आपल्या डोक्यात येत नाही, कारण वास. कच्चा हिरवट वास येतो सोयाला, तो कुणालाच नको असतो.

पण दुकानात सोयाचं पाकीट उचलताना पण डोळे उघडे ठेवा. ‘ओरिजिनल’ किंवा ‘प्लेन’ लिहिलेलं असलं म्हणजे फ्लेवर नाही एवढाच अर्थ, साखर बऱ्याचदा असते. व्हॅनिला आणि चॉकलेटवाल्याला तर हातच लावू नका. ‘अनस्वीटन्ड’ लिहिलेलं शोधा, तेवढ्यावर पण थांबू नका, पाकीट उलटं करून १०० मिलीच्या रकान्यात टोटल शुगर्स वाचा. एफएसएसएआय म्हणजे आपलं केंद्राचं अन्नसुरक्षा खातं, त्याच्या नियमात पातळ पदार्थाला ‘लो शुगर’ म्हणायचं तर १०० मिलीला अडीच ग्रॅमच्या वर साखर चालत नाही आणि ‘शुगर फ्री’ म्हणायचं तर अर्ध्या ग्रॅमच्या वर नाही, तोच अडीचचा आकडा डोक्यात ठेवून कुठलंही पाकीट तपासता येतं. ओट्सचं बहुतेक तिथंच नापास होतं. साधं दूध तर होतंच. घटकांत माल्टोडेक्स्ट्रिन दिसलं तर ठेवून द्या, ते साखरेच्या ओळीत येत नाही पण रक्तात साखरेसारखंच वागतं. आणि हो, पाकिटावर दूध किंवा मिल्क शब्द नसेल तर गोंधळू नका, २०२१ पासून एफएसएसएआयवाले त्यावर कडक झालेत, म्हणून ‘सोया ड्रिंक’, ‘ओट बेव्हरेज’ असं काहीतरी लिहिलेलं असतं.

आता जरा चहाचा हिशेब करू, कारण निम्म्या लोकांचं दूध चहातच जातं. एका कपाला ५० मिली दूध धरा, त्यातली साखर अडीच ग्रॅमच्या आत. ओट्सचं घातलं तर पावणेदोन ग्रॅम, सोयाचं घातलं तर अर्धा ग्रॅम किंवा कमीच. आणि वरून तुम्ही दोन चमचे साखर टाकता ती ८ ते १० ग्रॅम! म्हणजे दिवसाला दोन-तीन चहा एवढंच दूध असेल तर महागडं पाकीट आणायची काहीच गरज नाही, साखर बंद करा आणि दूध राहू द्या आहे तसं. लिटरमागं दुधाच्या दोन-चार पट पैसे मोजून वर दोन चमचे साखर घालणारे लोक आहेत, त्यांना काय बोलायचं. उसाच्या पट्ट्यात राहतो आपण, हात सैल सुटतो मान्य आहे. पेलाभर दूध रोज रात्री पिणारा, किंवा सकाळी मोठ्या वाटीत दूध घालून काहीतरी खाणारा, त्याला मात्र ओट्स की सोया हा फरक पेल्यामागं ५-६ ग्रॅमच्या आसपास पडतो, तिथं बदलण्यात अर्थ आहे.

सोयाचा चहा करताना दूध सगळ्यात शेवटी, गॅस बंद करून, आणि ते पण कोमट करून घालायचं. उकळत्या कोऱ्या चहात थंडगार ओतलं की ते फाटू शकतं, कॉफीत तर जास्तच.

पाकीट परवडत नसेल तर घरी होतं. मूठ-दोन मुठी सोयाबीन रात्रभर भिजवा, सकाळी ते पाणी फेकून द्या कारण पोटात गॅस करणाऱ्या साखरा थोड्याफार त्या पाण्यात उतरलेल्या असतात, मग चोळून साली काढा. आता खरी मेख, मिक्सरला लावताना पाणी उकळतं घ्या. दाणा थंड पाण्यात फुटला की त्यातलं एक एन्झाइम जागं होतं आणि तोच तो हिरवट वास सुटतो, कडकडीत पाण्यात ते जागच्या जागी मरतं. १०० ग्रॅम दाण्याला पाऊण ते एक लिटर पाणी पुरतं. फडक्यातनं पिळून घ्या आणि मोठ्या पातेल्यात उकळायला ठेवा, मोठ्याच हं, कारण नीट उकळी यायच्या आधीच फेस असा वर येतो की गॅसवर सगळं सांडतं. तो फेस म्हणजे उकळी नव्हे. बारीक गॅसवर ढवळत पंधरा-वीस मिनिटं चांगलं उकळू द्या, कच्च्या सोयात प्रोटीन पचू न देणारे घटक असतात ते उष्णतेनंच जातात, म्हणून नुसतं वाटून प्यायचं हा उद्योग करू नका. उरलेला चोथा थालीपिठाच्या पिठात मळला की कुणाला कळत पण नाही. वेलदोडा घातला तर वासाचा राहिलासाहिला त्रास पण जातो. फ्रिजमधी दोन-तीन दिवस टिकतं.

घरच्या सोया दुधात कॅल्शियम मात्र कमी असतं आणि बी-१२ नसतंच. विकतच्यात हे दोन्ही घातलेलं असेल तर घटकांत लिहिलेलं असतं, आणि घातलेलं कॅल्शियम तळाला बसतं म्हणून पाकीट हलवून घ्यायचं. घरचं पिणाऱ्यांनी नाचणी, तीळ, दही असं काहीतरी जेवणात ठेवा. वर्षाच्या आतल्या बाळाला यातलं काहीच आईच्या दुधाच्या जागी द्यायचं नाही. थायरॉइडची गोळी चालू असेल तर गोळी आणि सोया लागोपाठ नको, सोयामुळं गोळी नीट शोषली जात नाही, मधी किती वेळ सोडायचा ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील आणि रोजचं पेलाभर दूध बदलणार असाल तर तेही त्यांच्या कानावर घाला. आणि सोयाची ॲलर्जीच असेल तर बिनसाखरेचं बदामाचं घ्या, प्रोटीनसाठी डाळ-उसळ वाढवा. ओट्सचं ज्यांना चवीसाठी आवडतं त्यांनी कॉफीत घालून खुशाल प्यावं, फक्त साखर कमी केली असं घरी सांगू नये.