थंडीतल्या कागदाच्या घड्या : बालवाडी, नर्सरी, केजीच्या ताई-मॅडम आणि पालकांसाठी

नमस्कार,

आमचं हिवाळ्याचं पाकीट घेतलंत त्याबद्दल थँक्यू. आत चौकोनी घोटीव कागद, चित्रकार्डं आणि हे पत्रक आहे. कागद काय कुठल्याही स्टेशनरीवाल्याकडे मिळतो, पत्रक छापायचं कारण म्हणजे दर डिसेंबरात येणारे फोन, आणि त्यातले निम्मे तरी एकच सांगतात की "पोरांना जमतच नाही हो". मग विचारलं की काय करायला घेतलं होतं तर मोबाईलवर व्हिडिओ बघून जपानी क्रौंच पक्षी. आता त्या पक्ष्याला वीसच्या वर घड्या लागतात, मोठ्या माणसाचाही पहिल्यांदा नीट होत नाही, तिथे चार वर्षांचं लेकरू काय करणार. बालवाडीतली ओरिगामी म्हणजे एक घडी, दोन घड्या, सिनियर केजीला थोड्या जास्त, आणि त्यातून पोराला ओळखू येईल अशी वस्तू झाली पाहिजे. एवढं धरून चाललात तर अर्धी डोकेदुखी तिथेच संपते.

बाकी हे काही आजकालचं फॅड नाही. जर्मनीत फ्रोबेल यांनी 1837 मध्ये पहिली बालवाडी काढली आणि त्यांच्या पद्धतीत मुलांच्या हाताला द्यायच्या कामांमध्ये कागदाच्या घड्या होत्याच. कार्डावर दिसणाऱ्या तुटक रेषा आणि बाण ही खुणांची पद्धत जपानचे अकिरा योशिझावा यांची, आता जगभर तीच चालते. आम्ही त्यातली फक्त तुटक रेषा ठेवलीय, म्हणजे कागद आपल्याकडे दुमडायचा. मागे दुमडायची रेषा वेगळी असते, ती या वयाला नको, सरळ कागद उलटा करायला सांगा.

आधी कागदाचं बघा

पाकिटातले कागद 15 सेंटीमीटरचे आहेत, ओरिगामीचं नेहमीचं माप तेच. नर्सरीच्या अगदी लहान मुलांना मात्र त्याहून मोठा बरा, कारण बोटं जाड आणि घाई फार. त्यासाठी ए-फोर कागद घ्या, एक कोपरा तिरपा दुमडून वरची पट्टी कापली की 21 सेंटीमीटरचा चौकोन मिळतो, उरलेली पट्टी फेकू नका, पुढे लागणार आहे. चौकोन मात्र चौकोनच पाहिजे. घाईत कात्रीने कापलेला दोन-तीन मिलिमीटर वाकडा असला तरी कोपऱ्याला कोपरा जुळत नाही आणि मग पोराला वाटतं आपलंच चुकलं. कार्डशीट तर या कामाला देऊच नका, ती लहान बोटांनी दाबली जात नाही आणि घडी परत उघडते.

थंडीत अजून दोन गोष्टी होतात ज्या कोणी सांगत नाही. एक म्हणजे आपल्याकडे खानदेशात डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी, कागदही कोरडा पडतो आणि घोटीव कागद घडीवर तडकून पांढरी रेघ दिसते, खासकरून गडद लाल आणि काळ्यावर. म्हणून पाकीट उघडं ठेवू नका आणि एकाच जागी परत परत घडी घालू देऊ नका. दुसरं म्हणजे खोबरेल. आई सकाळी हातापायाला तेल नाहीतर व्हॅसलिन चोपडून पाठवते, मुलाने कागद हातात घेतला की बोटांचे तेलकट डाग पडलेच, आणि त्या डागावर ग्लू स्टिक धरत नाही. ओला रुमाल पुरत नाही, कोरड्या जुन्या कापडाने हात खसाखसा पुसून घ्या, "माले हिव लागस" म्हणत बसलेल्या पोरांचे हातही त्याने जरा गरम होतात. थंडीचा एक फायदाही आहे, पंखे बंद असतात त्यामुळे कागद उडत नाहीत. जूनमध्ये हेच काम करून बघा म्हणजे कळेल!

शिकवताना

मुलांच्या समोर तोंड करून उभं राहिलात तर तुमची डावी बाजू त्यांची उजवी होते, म्हणून त्यांच्याकडे पाठ करून किंवा त्यांच्यातच बसून दाखवा आणि दाखवायचा कागद मोठा घ्या, वर्तमानपत्राच्या पानाचा चौकोन केला तरी चालतो, शेवटच्या रांगेतल्यालाही दिसतो. "कर्णावर दुमडा" वगैरे त्यांना कळत नाही. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर खडूने एकेक टिपका द्या आणि सांगा, लाल टिपक्याला लाल टिपका भेटव. भेटला की एका हाताने धरून ठेव, दुसऱ्या हाताने नखाने इस्त्री कर. धरून ठेवणं हे खरं अवघड काम आहे, बहुतेक मुलं इस्त्री करायला दोन्ही हात नेतात आणि कोपरा सरकतो. तेव्हा त्यांच्या हातातून कागद ओढून घेऊन आपण घडी घालायची नाही, प्लीज. पालकांना दाखवायला छान दिसतं पण मुलाच्या हाताला काहीच मिळत नाही. वाकडी तर वाकडी.

आता काय काय करायचं

आम्हाला दरवर्षी विचारतात की स्नोमॅन का नाही. कार्ड आहे, शेवटी ठेवलंय, इंग्लिश मीडियमच्या पुस्तकात विंटर म्हटलं की तोच असतो त्यामुळे लागतं. पण आपल्या पोरांनी बर्फ फक्त गोळ्याच्या गाडीवर बघितलाय, तेही उन्हाळ्यात. त्यांची थंडी म्हणजे कानटोपी, शेकोटी, गोधडी, भरीत आणि पतंग, म्हणून आम्ही तिथूनच सुरुवात केली.

शेकोटी सगळ्यात सोपी, एकाच घडीची. लाल, केशरी, पिवळे लहान-मोठे चौकोन तिरपे दुमडून त्रिकोण करायचे आणि टोक वर ठेवून एकावर एक चिकटवायचे, खाली तपकिरी कागदाच्या सुरळ्या म्हणजे लाकडं. हेच त्रिकोण हिरवे घेतले, मोठा खाली आणि लहान वर लावला की ख्रिसमसचं झाड. एका दिवशी दोन वस्तू होतात.

कानटोपीला त्रिकोण करा, टोक वर, खालची लांब कड बोटभर वर दुमडा, मग उलटा करून दोन्ही बाजूची टोकं आत घ्या आणि परत सरळ करा. झाली टोपी. वर गोंडा पाहिजे, त्याला खरा कापूस लावा. या दिवसांत आपल्याकडे ज्याच्या-त्याच्या घरी शेतातला कापूस आलेला असतो, एखाद्या मुलाला सांगितलं तर पिशवी भरून घेऊन येतो, फक्त आधी सरकी काढून घ्या, नाकात घालतात.

भरिताचं वांगं हे आमचं सगळ्यात लाडकं. कागद हिरवा घ्या, जांभळा नको, आपलं भरिताचं वांगं हिरवं असतं आणि हे इथल्या पोरांना चांगलं माहीत असतं. रंगाची बाजू खाली, एक कोपरा आपल्याकडे. आधी डावा कोपरा उजव्यावर दुमडून उघडा म्हणजे मधली रेघ मिळेल. आता आपल्याकडच्या कोपऱ्याच्या दोन्ही कडा त्या मधल्या रेघेला आणून लावा. खाली निमुळता, वर रुंद असा आकार होतो. मग खालचं टोक जरा जास्त वर दुमडा, वरचं आणि बाजूची दोन टोकं थोडी थोडी, आणि उलटा करा. टोकं दुमडल्यामुळे गोलसर दिसतं. वर गडद हिरव्या कागदाचं देठ. वांग्यावर पांढऱ्या खडूने रेघा ओढल्या की अगदी बाजारातलं. निमुळता आकार झाल्यावर थांबलात, कागद केशरी असला आणि वरचा पांढरा त्रिकोण मागे दुमडला तर त्याचंच गाजर होतं. पाल्याला ए-फोरची उरलेली पट्टी हिरवी रंगवून झिरमिळ्या कापा. ही घडी लहान गटाला जड जाते, सिनियर केजीलाच द्या.

गोधडीला सगळा वर्ग लागतो. प्रत्येकाने आपल्या चौकोनाचे चारही कोपरे मध्यभागी आणायचे. मध्य सापडावा म्हणून दोन तिरप्या घड्या आधी घालून उघडायच्या, रेघा जिथे एकमेकींना कापतात तिथे टिपका. मग मध्यातली चारही टोकं जरा बाहेर दुमडली की आतला पांढरा भाग दिसतो आणि नक्षी होते. पंचवीस मुलं असतील तर पाच गुणिले पाच चिकटवा, वर्गाची गोधडी तयार. ज्याचा चौकोन वाकडा झाला तोही खपून जातो, घरच्या गोधडीत तरी सगळी ठिगळं कुठे सारखी असतात. हे आम्ही गॅदरिंगच्या आधी करायला सांगतो, भिंत सजते आणि प्रत्येक पालक आपल्या मुलाचा तुकडा शोधत बसतो.

पतंग संक्रांतीला. बाहेरच्या चित्रांत पतंग लांबट असतो, आपला चौकोनी, तेव्हा घडी अजून सोपी. दोन तिरप्या घड्या घालून उघडायच्या, त्या रेघाच कामट्या, खालच्या कोपऱ्याला छोटा त्रिकोण चिकटवायचा. वर्गात लटकवायला साधा दोरा वापरा, नायलॉन मांजा लहान मुलांच्या वर्गात आणूच नका.

मोठ्या गटाला अजून काही पाहिजे असेल तर बदकाचं कार्ड आहे. थंडीत हतनूर धरणावर बाहेरचे पक्षी येतात, तिकडे सहल नेणाऱ्या शाळांना ते उपयोगी पडतं. त्याला मात्र मान वळवायची घडी आहे, तिथे ताईंचा हात लागतोच.

थोडं ऑर्डरचं

किंमत पाकिटावर छापलीय. शाळेसाठी एकदम घेतलीत तर सवलत आहे, अंगणवाडीच्या ताईंना सुटे कागदही देतो, पूर्ण पाकीट घ्यायची सक्ती नाही. ओले झालेले किंवा वाकडे कापलेले कागद निघाले तर परत आणा, बदलून देऊ. शहादा, शिरपूर, चोपडा अशा लांबच्या शाळांनी आधी फोन करा म्हणजे पार्सलची सोय बघतो. हिरवा आणि केशरी कागद सगळ्यात आधी संपतो, संक्रांतीच्या आठवड्यात तर कुठलाच चमकदार रंग शिल्लक नसतो, म्हणून पतंगांसाठी पाहिजे असतील तर डिसेंबर संपायच्या आत सांगून ठेवा.