दक्षिण आफ्रिकेतील कृष्णवर्णीय अपंगांचा रोजगार

वर्ण आणि अपंगत्व अशा दोन्ही कारणांनी नोकरीपासून दूर राहिलेल्यांना कायद्याच्या आधारे रोजगारात आणण्याचा प्रयत्न. बहुतेक देशांत या दोन भेदभावांवरचे कायदे वेगवेगळे असतात. दक्षिण आफ्रिकेच्या नियमांत मात्र ‘कृष्णवर्णीय अपंग’ हा गटच नाव घेऊन येतो.

वर्णद्वेषी राजवटीत अपंगांना मिळणारे सरकारी अनुदानही कातडीच्या रंगावर ठरे. गोऱ्यांना सर्वांत जास्त, आफ्रिकनांना सर्वांत कमी. ही तफावत १९९३ मध्ये संपली. त्याआधीच, १९८१ मध्ये, पोलिसांच्या गोळीने कमरेखाली लुळे पडलेल्या फ्रायडे मावुसो यांनी जोहान्सबर्गलगतच्या सोवेटो या कृष्णवर्णीय वस्तीत अर्धांगग्रस्तांची स्वावलंबन संघटना उभारली होती. तिच्या कारखान्यात व्हीलचेअरवरचे कामगार बाहेरच्या कंपन्यांची कामे करत आणि कारभारही तेच पाहत. अपंगांसाठी दयेवर चालवल्या जाणाऱ्या कार्यशाळांना हे चोख उत्तर होते.

१९९८ च्या रोजगार समता कायद्याने कृष्णवर्णीय, स्त्रिया आणि अपंग यांना प्राधान्यगट ठरवले. येथे ‘कृष्णवर्णीय’ म्हणजे केवळ आफ्रिकन नव्हे. मिश्रवंशीय आणि भारतीय वंशाचे नागरिकही त्यात मोडतात. डर्बनमधला पटेल किंवा नायडू या कायद्यापुरता कृष्णवर्णीयच.

खरी ओढ निर्माण होते ती कृष्णवर्णीयांना किती सामावून घेतले यावर कंपनीला गुण देणाऱ्या ‘कृष्णवर्णीय आर्थिक सक्षमीकरणा’च्या गुणपत्रिकेमुळे, कारण सरकारी कंत्राटे मिळवताना ती पुढे करावी लागते. एकूण कर्मचाऱ्यांत २ टक्के कृष्णवर्णीय अपंग असले तर कंपनीला २ गुण. त्यांच्या प्रशिक्षणावर वेतनखर्चाच्या ०.३ टक्के रक्कम खर्च केली तर ४. नोकरीपेक्षा प्रशिक्षणाचे मोल जास्त, असा हा उफराटा हिशेब. साहजिकच अनेक तरुण विद्यावेतनावरची वर्षभराची ‘लर्नरशिप’ (काम करत घेतलेले प्रशिक्षण) संपवून पुढच्या लर्नरशिपच्या रांगेत उभे राहतात. कायम नोकरीचे पत्र हाती पडत नाही. नियमाच्या कक्षेतील कंपन्यांत अपंगांचे प्रमाण अनेक वर्षे एक-सव्वा टक्क्याच्या आसपासच रेंगाळले.

गणतीचीही अडचण आहे. वर्ण, लिंग आणि अपंगत्व यांची नोंद कर्मचारी स्वतः एका अर्जावर करतो. बहिरेपणा किंवा मानसिक आजार वरून दिसत नाही, आणि बढती अडेल या धास्तीने पुष्कळजण ती चौकट कोरीच ठेवतात.

नोकरी मिळाली तरी तेथवर पोचायचे कसे, हा प्रश्न उरतोच. टाउनशिपमधून, म्हणजे शहराबाहेरच्या कृष्णवर्णीय वस्त्यांतून, शहरात नेणाऱ्या मिनीबस टॅक्सीत सहसा व्हीलचेअर चढवण्याचा रॅम्प नसतो, आणि घडी केलेल्या व्हीलचेअरने जागा अडवली म्हणून चालक अनेकदा तिचेही वेगळे भाडे घेतात.